महिन्याला बाराशे किलोमीटर: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

साताऱ्यातले चौघांचे कुटुंब. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, जाणे-येणे कंपनीच्या बसने. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा घरापासून ९ किलोमीटरवर, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, त्यामुळे गाडी मुख्यतः बाईंच्याच हातात. दारातली २०१३ ची डिझेल हॅचबॅक १ लाख ६० हजार किलोमीटर चालली आहे आणि आता बदलायची आहे. नवी गाडी कोणती हे ठरले होते: चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही, हाताने गिअर टाकायची, मधला व्हेरिएंट. अडले होते ते इंजिनवर. तीच गाडी १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनात ९ लाख ५० हजारांना, १५०० सीसीच्या डिझेलमध्ये १० लाख ८० हजारांना. दोन्ही किमती एक्स-शोरूम.

शोरूममध्ये सांगितले गेले, "महिन्याला बाराशे किलोमीटर होतात ना मॅडम? मग डिझेलच घ्या, डोळे झाकून." जुनी गाडी सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी सांगितले, "ताई, बीएस६ डिझेलच्या नादाला लागू नका." (बीएस६ म्हणजे धुराबाबतचे सध्याचे कडक सरकारी निकष.) दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही, आणि ते मांडताना महिन्याच्या एकूण किलोमीटरपेक्षा प्रत्येक फेरी किती लांबीची आहे याला जास्त वजन द्यावे लागते.

आधी वही

कुटुंबाला पहिले काम दिले ते गाडीत वही ठेवण्याचे. प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की ओडोमीटरचा आकडा, बंद केली की पुन्हा आकडा, आणि पुढे एक खूण: इंजिन पूर्ण तापले होते का. तापमानाचा काटा मध्यावर येऊन पाच-सात मिनिटे झाली असतील तर 'हो', नाहीतर 'नाही'. लांबचे प्रवास आठवून वेगळे लिहिले. महिन्याची सरासरी अशी निघाली:

शाळा: जाऊन-येऊन १८ किलोमीटर, २४ दिवस, म्हणजे ४३२.
गावातल्या फेऱ्या (मंडई, क्लास, दवाखाना), एकेक तीन-चार किलोमीटरची: २२०.
पुणे, महिन्यातून एकदा, तिथल्या फिरण्यासकट: २६०.
चिपळूणजवळचे गाव, एक महिना आड, कुंभार्ली घाटाने: महिन्याला सरासरी १४०.
दिवाळी, मे महिना, लग्नकार्ये: वर्षाला १,८००, म्हणजे महिन्याला १५०.

एकूण १,२०२ किलोमीटर, वर्षाला सुमारे १४,४००. शोरूमचा अंदाज चुकला नव्हता. पण यातले ६५२ किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त, छोट्या फेऱ्यांचे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांपुढे 'नाही' अशी खूण आहे. महिन्याला बाराशे किलोमीटर चालवणारा फिरता विक्रेता आणि या बाई, दोघांचा आकडा एकच असला तरी त्यांची इंजिने पूर्णपणे वेगळे आयुष्य जगतात.

दारात उभी करेपर्यंतचा फरक

एक्स-शोरूम फरक १ लाख ३० हजार. बहुतेक जण इथेच थांबतात, पण महाराष्ट्रात खरा फरक आरटीओच्या कागदावर वाढतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर, १० ते २० लाखांत १२ टक्के. डिझेलला तेच १३ आणि १४ टक्के. या प्रकरणात पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत बसते, डिझेल बाहेर पडते. त्यामुळे डिझेलवर इंधनाचे दोन टक्के आणि टप्प्याचा एक टक्का असे दोन्ही चढतात. पेट्रोलचा कर १,०४,५००, डिझेलचा १,५१,२००. फरक ४६,७००.

विम्यात थर्ड पार्टी हप्ता सारखाच, कारण दोन्ही इंजिने १००० ते १५०० सीसीच्या गटात येतात. गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र वाढतो. पहिल्या वर्षी ५,००० धरले. जीएसटीत आता भेद उरलेला नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल, दोन्ही गाड्यांना १८ टक्के. पूर्वी सेसमध्ये पेट्रोलला १ आणि डिझेलला ३ टक्के असा फरक होता.

सगळे मिळून डिझेल १,८१,७०० रुपयांनी महाग. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर) कापला जातो, इथे १०,८००. तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो किंवा वळता होतो, म्हणून खर्चात धरला नाही; पण गाडी घेताना ती रक्कम हाताशी ठेवावी लागते, आणि विवरणपत्र भरताना विसरली तर गेलीच.

वरचे एक लाख ऐंशी हजार कर्जातून काढले तर? ९ टक्के व्याज, पाच वर्षे: हप्ता महिन्याला साधारण ३,७४० ने वाढतो आणि नुसते व्याज ४४ हजारांच्या पुढे जाते. घरचे पैसे घालणार की बँकेचे, यावर अख्खा हिशेब इकडचा तिकडे होऊ शकतो.

इंधन

दर पेट्रोल १०४, डिझेल ९१ धरले. मायलेजसाठी कंपनीचा आकडा घ्यायचा नाही. या वर्गातल्या गाड्यांचा एसी लावून, माणसे बसवून, आपल्या रस्त्यांवर येणारा आकडा घ्यायचा. पेट्रोल छोट्या फेऱ्यांत १२.५, लांब प्रवासात १७. डिझेल १४.५ आणि २०.५. पेट्रोलच्या आकड्यात २० टक्के इथेनॉलची घट धरलेली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, त्यामुळे ई१० वरून ई२० वर आल्यावर तीन-साडेतीन टक्के मायलेज कमी होणे अटळ आहे.

पेट्रोल: ५२.२ अधिक ३२.४, मिळून ८४.५ लिटर, ८,७९० रुपये.
डिझेल: ४५ अधिक २६.८, मिळून ७१.८ लिटर, ६,५३० रुपये.

महिन्याला साधारण २,२५६ रुपये वाचतात, वर्षाला २७ हजार. किलोमीटरमागे १ रुपया ८८ पैसे.

आता हाच फरक फेऱ्यांप्रमाणे सोडवून पाहा. महामार्गावर पेट्रोल किलोमीटरला ६.१२, डिझेल ४.४४, बचत १.६८. गावात पेट्रोल ८.३२, डिझेल ६.२८; बचत २.०४. म्हणजे गावात डिझेल जास्त वाचवते! गावात किलोमीटरमागे दोन्ही इंधने जास्त लागतात, म्हणून रुपयांतला फरकही वाढतो; शिवाय इंजिनाच्या बांधणीचाही यात हात आहे. पेट्रोल इंजिन हळू चालवायचे तर हवेची वाट थ्रॉटलने अडवावी लागते आणि त्या अडलेल्या वाटेतून हवा ओढण्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त होते ते फक्त इंधन. त्यामुळे कमी भारावर, रांगत्या वाहतुकीत, डिझेलचा वरचष्मा टिकून राहतो. या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे: ज्या फेऱ्यांत डिझेल सर्वांत जास्त पैसे वाचवते, नेमक्या त्याच फेऱ्या आजच्या डिझेल इंजिनाला सोसत नाहीत.

सात वर्षांचा ताळेबंद

हे कुटुंब गाडी किमान सात वर्षे ठेवणार, म्हणजे १ लाख किलोमीटर. इंधनात बचत १,८९,५००. डिझेलच्या सर्व्हिसला ऑइल जास्त लागते (पेट्रोलला साडेतीन लिटरच्या आसपास, डिझेलला पाचच्या पुढे), डिझेल फिल्टर महाग असतो, विमाही थोडा जास्त. मिळून वर्षाला ३,५०० जादा, सात वर्षांत २४,५००. विकताना डिझेलला ६०,००० जास्त मिळतील असे धरले. हा आकडा सगळ्यात डळमळीत आहे, म्हणून तो डिझेलच्या बाजूने सैल धरला.

रोख घेतली तर डिझेल सात वर्षांत ४३ हजारांनी फायद्यात. वरचा फरक कर्जातून दिला तर जवळजवळ हजार रुपये तोट्यात.

एक लाख किलोमीटर गाडी चालवून शेवटी बरोबरी! महिन्याला दोन हजार वाचताना दिसतात ते खोटे नाहीत, पण ते आधीच शोरूममध्ये आणि आरटीओत मोजून दिलेले असतात. इंजेक्टरचे किंवा टर्बोचे एक मोठे काम निघाले की पारडे सरळ पेट्रोलकडे झुकते.

"आमच्या जुन्या डिझेलने कधी त्रास दिला नाही"

हे घरच्यांचे म्हणणे होते आणि ते पूर्ण खरे आहे. पण ते इंजिन वेगळ्या जमान्यातले. त्या काळी फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा किती तरी गाड्यांत होते. लोक त्याला कौतुकाने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. बीएस४ च्या त्या गाड्यांना धुराड्यात काजळीची गाळणी नव्हती. थंडच धावले, चार किलोमीटरवर बंद केले, तरी काजळी मागच्या माणसाच्या तोंडावर जायची आणि इंजिन सुटायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आले, डिझेलमधले गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरले आणि ती काजळी गाडीतच अडवून जाळायची जबाबदारी इंजिनावर आली. लहान डिझेल इंजिनांना हा खर्च परवडेना म्हणून मारुतीने त्याच वेळी डिझेल सोडले, फोक्सवॅगन गटानेही सोडले. ही सोय श्वास घेणाऱ्या सगळ्यांच्या भल्याची आहे. तिच्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण तिला कसे वागवायचे ते माहीत हवे.

पैशांची बाजूही तेव्हा निराळी होती. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ झाले तेव्हा डिझेल ४०.९१ ला होते. आजचेच मायलेज धरले तरी किलोमीटरमागे २ रुपये ७० पैसे वाचत होते, आणि गाडीतला फरक लाखभराचा असेल तर ३७ हजार किलोमीटरवर तो वसूल. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि दरी बुजत गेली. आज या कुटुंबाला १ लाख ८१ हजार ७०० चा फरक वसूल करायला साडेशहाण्णव हजार किलोमीटर लागतात. जुन्या गाडीच्या अनुभवावरून नवी डिझेल घेणारे या दोन्ही गोष्टी विसरतात.

शाळेच्या फाटकाशी काय होते

डीपीएफ म्हणजे धुराड्यात बसवलेली सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी गाळणी. काजळी तिच्या भिंतींवर साचते. लांब प्रवासात धूर साडेतीनशे अंशांच्या वर तापलेला राहतो, तेव्हा काजळी आपोआप हळूहळू जळते. तसे होत नसेल तर साठा ठरावीक पातळीला गेल्यावर, साधारण दर तीनशे ते सहाशे किलोमीटरनी, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतः सफाई काढतो. इंजेक्टर नेहमीच्या स्फोटानंतर थोडे जादा डिझेल सोडतो, ते धुराड्यात जाऊन जळते, गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि काजळी जळून जाते. याला सलग १० ते २० मिनिटे लागतात.

आता या बाईंची सकाळ घ्या. घर ते शाळा ९ किलोमीटर, पंचवीस मिनिटे. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवते, म्हणून ते तापायलाच पाच-सहा किलोमीटर घेते. ईसीयू इंजिन तापल्याशिवाय सफाई सुरू करत नाही. ती सुरू होते सातव्या किलोमीटरला, आणि नवव्याला शाळेच्या फाटकाशी चावी फिरते. अर्धवट. परत येताना पुन्हा तेच. काजळी पूर्ण जळत नाही, आणि सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरते. असे वारंवार झाले की डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते बरे आहे, ऑइल भरपूर आहे. प्रत्यक्षात ते पातळ झालेले असते आणि टर्बोच्या बेअरिंगला तेच सोसावे लागते.

सफाई चालू असल्याची खूण बहुतेक गाड्या सांगत नाहीत, पण ओळखता येते. उभ्या गाडीचा आरपीएम साडेसातशे-आठशेऐवजी हजारच्या आसपास राहतो. स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. क्षणाचे मायलेज दाखवणारा आकडा अचानक पडतो. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि जळका वास येतो. हे दिसले तर गाडी बंद करायची नाही. आणखी पंधरा मिनिटे फिरवून आणायची.

डीपीएफचा दिवा लागलाच तर उपाय साधा आहे: महामार्गाला लागा, चौथ्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएमवर, ताशी साठच्या वर, सलग वीस मिनिटे चालवा. टाकीत इंधन पाव टाकीपेक्षा कमी नको, कारण अनेक गाड्या कमी इंधनात सफाई सुरूच करत नाहीत. साताऱ्याहून कराडच्या दिशेने नागठाण्यापर्यंत जाऊन परत आले की काम होते. त्या दिव्याकडे आठवडाभर दुर्लक्ष केले की इंजिनाचा दिवा लागतो, ताकद कापली जाते, आणि मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून सक्तीची सफाई करावी लागते. काही हजारांत सुटका. तीही चालली नाही तर गाळणी उतरवून धुवावी लागते. नवी गाळणी बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास जाते.

यात एक बारकावा वर्कशॉपवालेही सांगत नाहीत. काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ऑइलमधल्या रसायनांतून. म्हणून बीएस६ डिझेलला कमी राखेचे ऑइल (डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३, मॅन्युअलमध्ये असेल ते) लागते. गल्लीतल्या दुकानातून 'डिझेलचे आहे' म्हणून स्वस्त डबा आणून ओतला तर गाडी त्या दिवशी छान चालेल आणि गाळणी वेळेच्या कितीतरी आधी बुजेल.

ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण लागते (३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी) त्यांत ती टाकी रिकामी झाली की गाडी पुन्हा सुरूच होत नाही. इशारा बराच आधी येतो, तो पाळायचा.

हे सगळे वाचून डिझेल बाद, असे म्हणणे अन्याय होईल. या कुटुंबाची महिन्याची पुण्याची फेरी, दोन्ही बाजूंनी ११० किलोमीटर, गाळणीला पुरेशी आहे. ती चुकली नाही तर त्रास बहुधा होणार नाही. पण परीक्षांच्या दिवसांत, पावसाळ्यात दोन-दोन महिने गावाबाहेर जाणे होत नाही हे वहीतल्या जुन्या नोंदींवरून दिसत होते. केवळ गाळणी साफ करायला रविवारी गाडी घेऊन नागठाण्याला जायचे, तर त्याचेही डिझेल आणि वेळ हिशेबात धरायला हवा.

पेट्रोलही निर्दोष नाही

छोट्या फेऱ्या पेट्रोल इंजिनालाही मानवत नाहीत. थंड इंजिनात पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, बॅटरी पूर्ण भरत नाही. फरक इतकाच की दंड छोटा असतो. उपाय: किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला ऑइल बदलायचेच. साधे स्पार्क प्लग ४० हजारांच्या आसपास बदलायचे, इरिडियम असतील तर लाखापर्यंत चालतात. ३०-४० हजारांवर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यायची, नाहीतर सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून काटा सतत लाल रेषेवर ठेवून फिरवली तर तो पंप लवकर जातो.

कुटुंबाला टर्बो पेट्रोलही दाखवले होते. घाटात ते मजा आणते, पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनात व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नसल्याने तिथे कार्बन साचतो, आणि पाय जड असेल तर गावात मायलेज दहावर येते. शाळेच्या फेऱ्यांसाठी साधे, पोर्ट इंजेक्शनचे (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी सोडणारे) चार सिलिंडरचे इंजिन बरे.

साध्या पेट्रोलची एक खरी कमतरता आहे आणि ती झाकून ठेवू नये: कुंभार्ली घाट. पाच माणसे, आंब्याच्या पेट्या, एसी चालू. अशा १२०० सीसी इंजिनाचा टॉर्क ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तोही ४,००० आरपीएमला. १५०० सीसी डिझेल २४०-२५० देते, दीड हजार आरपीएमपासूनच. डिझेल जिथे तिसऱ्यात निवांत चढते तिथे पेट्रोलला दुसऱ्यात ओरडावे लागते आणि त्या पट्ट्यात मायलेज दहा-अकरावर येते. हे दोन महिन्यांतून एकदा. कुटुंबाने टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर न घेता घरातली चार माणसे बसवून यवतेश्वर घाटात घेतली; तेवढे चालवून घेऊ, असे ठरले.

सीएनजीचा विचार झटकन झाला. इंधनखर्च सगळ्यात कमी, पण डिकीत सिलिंडर, घाटात आणखी कमी ताकद, रांगा, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. आई-वडिलांना सामानासकट चिपळूणला न्यायचे असल्याने तो बाजूला ठेवला.

निर्णय, आणि तो कुठे उलटतो

१२०० सीसी पेट्रोल घेतली. वाचलेल्या १ लाख ८१ हजारांमुळे कर्ज तितके कमी काढावे लागले. गाडीच्या इंधनझाकणाच्या आत 'पेट्रोल' अशी ठळक चिठ्ठी चिकटवायला सांगितले, कारण बारा वर्षे पंपावर "डिझेल" म्हणायची सवय तोंडात बसलेली असते. चुकून डिझेल भरले गेलेच तर चावीही फिरवायची नाही. टाकी उपसून घ्यायची. सुरू केली तर प्लग आणि इंजेक्टर दोन्ही खराब.

मायलेज मोजायची पद्धतही ठरवून दिली: एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचे, आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून लिटरने भागायचे. सलग तीन टाक्यांची सरासरी धरायची. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा थोडा गोड असतो.

याच घरातले धाकटे दीर रोज सातारा ते कराड आणि परत जातात: १०० किलोमीटर, महामार्गाने, महिन्याला अडीच हजार. त्यांच्यासाठी तोच कागद उलटा बोलतो. किलोमीटरमागे १.६८ रुपये, वर्षाला ५० हजारांची बचत, सर्व्हिसचा जादा खर्च वजा करूनही चार वर्षांत फरक वसूल. गाळणी रोज तापते, काजळी साचायला वेळच मिळत नाही. त्यांना पेट्रोल घ्यायला लावणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. त्यांचा विचार मात्र तीन-चार वर्षे वापरलेल्या डिझेलचा आहे, कारण नव्या गाडीवरचा जादा कर आणि पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

वापरलेली बीएस६ डिझेल पाहताना त्यांनी हे क्रमाने करावे. गाडी थंड असतानाच जायचे. आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यायचे. डिपस्टिक ओढायची: ऑइल कमाल खुणेच्या वर असेल आणि बोटावर डिझेलचा वास येत असेल तर मागची सगळी कहाणी कळते. मग सायलेन्सरच्या नळीत बोट घालून फिरवायचे. गाळणी धड असलेल्या डिझेलची नळी आतून स्वच्छ, फार तर राखाडी असते. बोट काळेकुट्ट निघाले तर गाळणी फुटली आहे किंवा कोणी काढून टाकून ईसीयूला खोटे शिकवले आहे. ती गाडी बेकायदा आहे आणि स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. स्कॅनर लावून तीन आकडे वाचून घ्यायचे: काजळीचा साठा, शेवटच्या सफाईनंतरचे किलोमीटर, आणि सरासरी किती किलोमीटरनी सफाई होते. ती दर शंभर-दीडशे किलोमीटरनी होत असेल तर ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), इंजेक्टर किंवा प्रेशर सेन्सर यांपैकी काही तरी बिघडले आहे. शेवटी डिझेल फिल्टर कधी बदलला ते बिलावर पाहायचे आणि त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी निघते का ते पाहायचे. कोकणात फिरलेल्या गाडीत हे विशेष, कारण कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दीड-दोन हजार बार दाबाखाली पाण्याचा थेंब गेला की इंजेक्टर गंजतो, आणि तो एकटा बदलून सहसा भागत नाही.